सरवदे बाई आणि बिनतिकिटाचे पाहुणे

बाटलीवर अण्णासाहेबांचं नाव होतं आणि बाटलीत वीतभर लांबीचा गुलाबी किडा वळवळत होता.

अंबाजोगाईतल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या लॅबमध्ये मी तेव्हा टेक्निशियन होते. अण्णासाहेब म्हणजे सहकारी दूध संघाचे चेअरमन. त्यांच्या ड्रायव्हरनं सकाळीच ती बाटली काउंटरवर ठेवली, "लवकर सांगा म्हणलेत" एवढंच बोलला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. बाटली आमचीच होती, शौचाच्या तपासणीसाठी देतो ती, रुंद तोंडाची. त्यामुळे जो समज व्हायचा तो आमचा सगळ्यांचा झाला. क्लार्क दोन पावलं मागं सरला. झाडणाऱ्या मावशींनी तोंडाला पदर लावला. चेअरमनच्या पोटातून केसाळ जनावर निघालं, ही बातमी दहा मिनिटांत समोरच्या मेडिकल दुकानापर्यंत गेली होती.

तेवढ्यात सरवदे बाई हजेरीच्या वहीत सही करून आत आल्या. लॅबमध्ये त्या सगळ्यांत जुन्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, पांढऱ्या कोटाच्या खिशात जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा, मायक्रोस्कोपची काच पुसायला. त्यांनी बाटली खिडकीपाशी नेली आणि भिंगातून पाहत राहिल्या. आम्ही श्वास धरून उभे.

"ह्याला केस हायेत, शैला," त्या मला म्हणाल्या. "दोन्ही अंगांनी. पोटात ऱ्हाणाऱ्या जंताला केस कशाला लागतील? ह्याला चालायचंय, पोहायचंय." मग झाकण उघडून वास घेतला. "आन् ह्ये पाणी खारं हाय. त्या ड्रायव्हरला आत बोलव."

ड्रायव्हर लाजत लाजत बोलला. अण्णासाहेबांच्या मुलानं, विक्रमनं, बंगल्याच्या दिवाणखान्यात समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी बसवली होती. किडा त्या टाकीतला. घरातल्यांना वाटलं, जंतच आहे, तर जंत बघणाऱ्या माणसालाच दाखवावा.

बाईंनी रिपोर्टाचा कागद ओढला आणि लिहिलं, 'नमुना मानवी शरीरातला नाही.' मग माझ्याकडं वळल्या. "कॉलेजात आमी ह्याचा भाऊबंद चिरलाय. फॉर्मॅलिनमधला. जिता आजच बघितला."

बाईंचे वडील परळीच्या वीजकेंद्रात कोळसा उतरवायच्या कामावर होते. वस्तीतून बीएस्सी झालेल्या त्या पहिल्या. घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली एक मोडका मायक्रोस्कोप होता, दवाखान्यानं भंगारात काढलेला. तो त्यांनी मागून आणला होता आणि रविवारी त्याखाली काहीबाही बघत बसायच्या. मुंगीचा पाय, पिठातली अळी, टँकरच्या पाण्याचा थेंब. मी एकदा गेले तर मलाही बसवलं. चहा निवून गेला.

त्यांची एक खोड सगळ्या दवाखान्याला माहीत होती. बघितल्याशिवाय त्या कशालाही नाव ठेवू देत नसत. मी नवीन असताना एका रिपोर्टवर 'बहुतेक' असा शब्द लिहिला होता. त्यांनी कागद परत दिला. "बहुतेक म्हंजे तू बघितलंच न्हाईस." एकदा एका बड्या डॉक्टरांनी नमुन्यात लांब धागे बघून जंत लिहून टाका म्हणून सांगितलं. बाईंनी लिहिलं नाही. पेशंटला व्हरांड्यातून आत बोलावलं आणि विचारलं, काल काय खाल्लं? चतुर्थीच्या उपासाला त्यानं सहा केळी खाल्ली होती. "केळ्याच्या दोऱ्या हायेत, साहेब," बाई म्हणाल्या. डॉक्टर पुढं महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

या हट्टामागं काही जुनी गोष्ट असणार, असं मला वाटायचं. विचारलं तर म्हणाल्या, "गोष्ट कशाला पायजे? चुकीचं लिवलं की पेशंट मरतं."

दुसऱ्या दिवशी विक्रमचा फोन आला. टाकी येऊन बघा. बाईंनी मला सोबत घेतलं.

दुष्काळाचं ते तिसरं वर्ष होतं. गावात नळाला पंधरा दिवसांनी पाणी यायचं आणि आलं तरी तासभर. दूध संघात जनावरांअभावी निम्मंही दूध येत नव्हतं. अशात त्या बंगल्याच्या थंडगार दिवाणखान्यात भिंतभर काच, आणि काचेच्या आत निळं, हलणारं पाणी. माझे तर पायच जागच्या जागी थांबले. हे पाणी तयार करायला आधी बोअरचं पाणी मशीनमधून गाळायचं, एक हंडा मिळवायला दोन-तीन हंडे नालीत सोडायचे, मग त्यात विकतचं मीठ घालायचं. विक्रम हे सगळं कौतुकानं सांगत होता. बाई काचेपुढं उभ्या होत्या. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "ह्ये दगड कुठून आले?"

"मुंबईच्या डीलरकडून. समुद्रातले जिवंत दगड. त्याच्यानं पाणी साफ राहतं."

"आन् दगडाच्या भोकांत कोण कोण आलं, ते बघितलं का?"

 विक्रमनं बाईंना बोलावलं होतं ते त्यासाठीच. दोन महिन्यांत चार मासे गेले होते. तीन केशरी आणि एक पसरट पिवळा. मेलेले सापडले असते तर गोष्ट वेगळी. काटासुद्धा राहत नव्हता.

तेवढ्यात त्याची आई आतून आली. "किड्याचं जाऊ द्या," ती म्हणाली. "मासे किड्यानं न्हाई नेले. झाडलोटीला गयाबाई यायची, तिनं नेले. काढून टाकलं तिला."

"नेऊन काय करती ती?" बाईंनी विचारलं.

"काय करती म्हंजे? खाती. त्यांच्यात खातेत सगळं."

ती हे बाईंच्या तोंडावर बोलली. सहज, चहात साखर किती विचारावी तसं. बाईही त्यांच्यातल्याच, हे तिच्या ध्यानात नव्हतं की होतं, मला अजून सांगता येत नाही. मी बाईंकडं बघितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विक्रमला म्हणाल्या, "मला चार-पाच दिवस यावं लागंल."

गयाबाई बाईंच्याच गल्लीत राहायची. एकटी, पन्नाशीची. बंगल्याच्या कामाचा पगार तिला फारसा नव्हता, पण जाताना बोअरचे दोन हंडे नेता यायचे. त्या उन्हाळ्यात ते दोन हंडे म्हणजेच काम होतं. काढून टाकल्यापासून ती टँकरच्या रांगेत उभी राहायची, आणि रांगेतल्या बायका तिला 'मासेखाऊ' म्हणायच्या. पोलिसांत देऊ, असा निरोपही बंगल्यावरून आला होता.

"मी त्या काचेला हातबी लावत नव्हते, बाई," आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा ती सरवदे बाईंना म्हणाली. "मला भ्या वाटायचं त्याचं."

"तू लावला न्हाईस, हे मी कशावरनं म्हणू?" बाई म्हणाल्या. "बघू दे मला आधी."

मी चपापले. बाई तिच्या बाजूनं बोलतील असं मला वाटलं होतं. गयाबाईलाही वाटलं असावं, कारण ती उठून आत गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी विक्रमनं सोपी वाट काढली. "किडा सापडलाच की, बाई. हाच मासे खातो असं लिहून द्या. आईला दाखवतो. विषय संपला." बंगल्याबाहेर आल्यावर मीही तेच म्हणाले. एका ओळीत गयाबाई सुटेल, कुणाचं काय जातंय?

बाई रस्त्यात थांबल्या. "तूबी असंच म्हणतीस?" त्यांचा आवाज एवढा खाली गेला की मला मान खाली घालावी लागली.

त्यांनी तो गुलाबी किडा लॅबमध्ये एका बरणीत ठेवला होता, टाकीतलंच पाणी घालून. बरणीत एक जिवंत बारकी गोगलगाय सोडली आणि मेलेल्या कोळंबीचा तुकडा. तीन दिवस रोज नोंद केली. किड्यानं तुकडा फस्त केला, गोगलगाय तशीच फिरत होती. त्याला बाहेर काढताना त्याचे केस बाईंच्या दोन बोटांत घुसले, काचेच्या कुसांसारखे. बोटं सुजून लाल झाली. मी घाबरले. बाईंनी चिकटपट्टी बोटावर दाबून ओढली, पुन्हा दाबली, पुन्हा ओढली, आणि पट्टीला चिकटलेले केस मायक्रोस्कोपखाली ठेवून मला दाखवले.

"ह्यो मेलेलं खातो," त्या म्हणाल्या. "ह्यो झाडूवाला हाय. मारणारा दुसराच हाय."

मग त्या रोज ड्युटी सुटल्यावर बंगल्यावर जायच्या आणि दगडांवरून नजर फिरवायच्या. लॅबच्या जुन्या वहीत त्यांनी यादी केली. बिनतिकिटाचे, असं वर लिहिलं. दगडासोबत तिकीट न काढता आलेले म्हणून. केसाएवढ्या हातांचा तारामासा, निरुपद्रवी. काचेसारखं पारदर्शक फूल, डंख करतं, पण मासा गिळण्याएवढं मोठं नाही. वाटाण्याएवढा केसाळ खेकडा, संशयित, पकडला, नांगी फार लहान, सोडला. प्रत्येकापुढं त्यांचा निर्णय. विक्रम सुरुवातीला हसायचा. मग तोही खुर्ची ओढून शेजारी बसू लागला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सातला लोडशेडिंग सुरू झालं. इन्व्हर्टरवर फक्त पंप चालू ठेवला, टाकीचे दिवे बंद. बाईंनी टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटीनचा कागद बांधला होता. लाल उजेड त्या प्राण्यांना दिसत नाही, असं डीलरनं फोनवर सांगितलं होतं. आठवडी बाजारातून आणलेल्या माशाचा तुकडा त्यांनी जखमेला टाके घालायच्या दोऱ्याला बांधून मोठ्या दगडापुढं सोडला. आम्ही तिघं काचेला नाक लावून बसलो.

पंधरा मिनिटं काही नाही. मग दगडाच्या एका भोकातून पाच मिशा बाहेर आल्या. त्यांच्यामागं डोकं. त्यामागं अंगठ्याएवढं जाड अंग, लाल उजेडातही चकाकणारं, रांगेनं हलणारे शेकडो पाय. ते बाहेर येतच राहिलं. एक वीत, दोन वीत, आणि शेपूट काही दिसेना. तुकड्यापाशी पोचल्यावर त्यानं जबडा उघडला, तुकडा पकडला आणि एका झटक्यात सगळं भोकात परत गेलं. दोरा ताणून तुटला.

विक्रमची खुर्ची मागं पडली.  दोन महिने हे लोक त्या काचेपुढं बसून चहा पीत होते.

"बाई, हाच," मी कशीबशी म्हणाले.

"असंल," बाई म्हणाल्या. "काढू बाहेर, मग बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दगड प्लास्टिकच्या टबात काढला. डीलरचा उपाय होता सोडा. विक्रमनं चौकातल्या गाड्यावरून गोटी सोड्याच्या डझनभर बाटल्या आणल्या. बाईंनी रबरी मोजे घातले आणि एकेक बाटली त्या भोकात ओतायला लागल्या. फेस आला. चौथ्या बाटलीला डोकं बाहेर आलं. बाईंनी लांब चिमटा लावला, पण ओढलं नाही. नुसतं धरून ठेवलं, आणि तो आपला आपण बाहेर येईल तसतसा चिमटा मागं घेत गेल्या. अर्धा तास लागला. फरशीवर ठेवला तेव्हा दीड फरशी भरला. दोन फुटांची एक फरशी होती ती.

विक्रमची आई दारात उभी होती. ती तशीच भिंत धरून खाली बसली. "हे माझ्या घरात होतं?" असं दोनदा म्हणाली.

कुणालाही वाटेल, इथं काम झालं. बाईंनी तो किडा बरणीत घातला, लॅबमध्ये नेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिरला. त्याच्या आतड्यातलं जे होतं ते काचपट्टीवर घेऊन बघत बसल्या. मग मला बोलावलं. गोल गोल रेघांचे पारदर्शक तुकडे होते. माशाचे खवले. एका खवल्यावर अजून केशरी रंगाचे ठिपके होते.

तेव्हा कुठं त्यांनी रिपोर्ट लिहिला.

अण्णासाहेबांच्या व्हरांड्यात सकाळी माणसं बसलेली असायची, कुणाचं टँकरचं काम, कुणाचं चाऱ्याचं. बाई तिथं गेल्या. अण्णासाहेबांनी हात पुढं केला, "द्या कागद, बघतो."

"वाचून दाखवते," बाई म्हणाल्या. आणि कोटाच्या बाह्या सारख्या करून त्यांनी पंचवीस-तीस माणसांपुढं मोठ्यानं वाचलं. प्राण्याची लांबी, कुठं सापडला, पोटात काय निघालं. शेवटची ओळ होती, 'माशांच्या नाहीसे होण्याशी गयाबाई यांचा संबंध आढळला नाही.'

 चेअरमनच्या व्हरांड्यात असं काही याआधी कुणी वाचलं नसावं. अण्णासाहेबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता बाईंची नोकरी गेली. पण कागद मागून घेऊन त्यांनी स्वतः वाचला आणि ते म्हणाले, "बोलवा तिला. म्हणावं, कामावर ये."

गयाबाई आली. पाण्यासाठी आली. मालकिणीशी ती पुन्हा बोलली नाही, आणि मालकिणीनंही चूक झाली असं कधी म्हटलं नाही.

रिपोर्ट वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र मला कधी विसरता आली नाही. घरात एवढं मोठं जनावर होतं म्हटल्यावर मालकिणीनं टाकी ठेवूच दिली नाही. विक्रमनं उरलेले मासे पिंपात घालून डीलरकडं रवाना केले आणि टाकीला पाइप लावून पाणी कंपाउंडबाहेरच्या नालीत सोडलं. आम्ही ड्युटीला निघालो होतो. बंगल्याच्या कोपऱ्यावर आलो तर चाळीस-पन्नास बायका. हंडे, कळश्या, तेलाचे डबे. चेअरमनच्या घरून स्वच्छ पाणी नालीत सोडतेत, ही बातमी वस्त्यावस्त्यांत गेली होती. पाइपाखाली हंड्यावर हंडा लागत होता. एका म्हातारीनं नालीत वाटी बुडवून कळशी भरायला घेतली होती. गयाबाई मध्ये उभी राहून ओरडत होती, "खारट हाय ग माय, पिऊ नका." एक बाई तिला ढकलून म्हणाली, "तुला दोन हंडे मिळतेत, आमाला कावून नको?"

सरवदे बाई धावल्या. त्यांना धावताना मी तेवढंच पाहिलं. पाइपापाशी जाऊन त्यांनी हात पसरले. कुणी ऐकेना. कोट घातलेली बाई, चेअरमनच्या व्हरांड्यात कालच बोलून आलेली, ती चेअरमनच्याच बाजूची असणार, असं बायकांनी धरलं. मग बाईंनी एका पोरीच्या हातातला भरलेला तांब्या घेतला आणि सगळ्यांसमोर तोंडाला लावला. घटाघट तीन घोट. लगेच पोट धरून वाकल्या आणि नालीत ओकल्या.

गलका थांबला. म्हातारीनं वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि वाटी खाली ठेवली. पाइपाचं पाणी तेवढं पडत राहिलं.

पण आधी भरलेले हंडे घेऊन काही जणी कधीच्या गेल्या होत्या. बाईंनी दिवसभराची रजा टाकली. घरोघर गेल्या. मी बरोबर होते. पाणी जनावराला पाजू नका, पोरांना देऊ नका. एका घरात रांजणात उरलेल्या गोड्या पाण्यावर ते ओतलं होतं. तिथली सून रांजणाकडं बघत नुसती उभी होती. बाईंनी आपल्या घरचे दोन हंडे आणून तिथं दिले.  मला वाटतं, टाकी रिकामी करतील हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचाच त्यांना धक्का बसला होता.

पाऊस नंतरच्या वर्षी झाला. दूध संघाची निवडणूक झाली, अण्णासाहेब पडले. लॅबमध्ये नवीन मशीन आलं, रक्ताचा नमुना घातला की कागद छापून देणारं. बाई छापलेला कागद घ्यायच्या आणि तरीही काचपट्टी करून बघायच्या.

निवृत्तीला त्यांचं एक वर्ष राहिलं होतं. एके दिवशी अकराला त्या एक काचपट्टी घेऊन बसल्या त्या एक वाजेपर्यंत उठल्या नाहीत. पेशी मोजायचं खटक्याचं यंत्र वाजत होतं. शंभर मोजल्या, लिहिल्या, पुन्हा शंभर मोजल्या. मला वाटलं, अवघड केस असेल. मग रिपोर्ट लिहून त्यांनी ट्रेमध्ये ठेवला.

नोंद करायला मी तो उचलला. 'पांढऱ्या पेशींत कच्च्या पेशींचं प्रमाण फार. डॉक्टरांनी आजच पाहावे.' रक्ताच्या कॅन्सरचा संशय सांगणारा असा कागद आम्ही वर्षातून एक-दोनदा लिहितो, आणि लिहिताना बोलत नाही. मग मी वरचं नाव वाचलं. कुसुम सरवदे, स्त्री, वय सत्तावन्न.

"बाई, हे कुणाचं?"

"नाव लिवलंय की."

"नाव तुमचं आहे."

"माझं हाय म्हणून लिवलंय." त्यांनी डाव्या दंडाचा कापूस काढून टोपलीत टाकला. "महिना झाला, हिरड्यातून रक्त यायलंय. म्हणलं, बघावं."

चूक असेल, मी म्हणाले. रंग नीट बसला नसेल, दुसरी काचपट्टी करू. मी काय काय बोलत होते ते मला आठवत नाही. बाई स्टुलावरून उठल्या आणि मला बसायला खूण केली. "बघ. माझ्या सांगण्यावर जाऊ नको."

मी डोळा लावला. पहिल्या नजरेलाच दिसलं, तरी मान वर करायचं धाडस होईना, म्हणून मी बघत राहिले. मागं कोट खुंटीला अडकवल्याचा आवाज झाला. दार लागलं.

बऱ्याच वेळानं मी रिपोर्ट घेऊन ओपीडीकडं गेले. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर पेशंट बसले होते. बाई त्यांच्यात बसल्या होत्या, हातात खिडकीवरून काढलेला केसपेपर. स्टाफला रांग नसते, त्या सरळ आत जाऊ शकल्या असत्या. शेजारच्या म्हाताऱ्याला त्या सांगत होत्या, "तुमचा लंबर माझ्या आधी हाय, बाबा. तुमी व्हा म्होरं."